खोबऱ्याचे दात

भानुदास तात्यांच्या दहाव्याला मी अंबाजोगाईहून गेलो, तेव्हा गावाच्या फाट्यावर फ्लेक्स दिसला आणि माझं डोकंच फिरलं. वर पुढाऱ्यांच्या फोटोंची रांग, मधोमध गावच्या दादासाहेबांचा हात जोडलेला मोठा फोटो आणि खाली डाव्या कोपऱ्यात, जागा उरली म्हणून टाकल्यासारखे तात्या. फोटो तरी कोणता, तर नाटकातला. अंगात काळा झगा, तोंडाला पांढरा रंग, ओठांच्या दोन्ही कडांना सुळे. त्याखाली ठळक अक्षरांत, 'गावाचे हसतमुख व्यक्तिमत्त्व हरपले.'

हसतमुख! मी त्या गावच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. पोरगेल्या वयात लागलो आणि डोक्यावरचे केस जाईपर्यंत तिथंच राहिलो. एवढ्या काळात तात्यांना मी एकदाही हसताना पाहिलं नाही. लोकांना हसवताना पाहिलं, तेही दातओठ खात. माणूस जिवंत असताना त्याच्याकडे नीट बघायचं नाही आणि गेल्यावर भलत्याच कुणाची तारीफ त्याच्या फोटोखाली छापायची, ह्याला आमच्याकडे श्रद्धांजली म्हणतात. मला फ्लेक्स लावता येत नाही. लिहिता येतं, म्हणून लिहितोय.

आणि त्या फोटोतले सुळे माझ्या हातचे आहेत, तेवढा हक्क मला आहेच.

तात्या एसटीत कंडक्टर होते. माझी ओळख झाली तेव्हा रिटायर व्हायला आलेले, पण कंडक्टरकी त्यांच्या अंगातून शेवटपर्यंत गेली नाही. तिकिटाला भोक पाडायचा जुना पंच ते सदऱ्याच्या खिशात बाळगायचे. आपलं बोलणं संपलं की तो बाहेर काढून दोनदा टकटक वाजवायचे. दोन टोले म्हणजे गाडी सुटली. मग समोरचा माणूस वाक्याच्या मध्यावर असो नाहीतर रडण्याच्या, तात्या चालायला लागलेले असायचे. रामराम घालण्याऐवजी 'पुढं सरका' म्हणायचे. देवळाच्या दारात म्हणायचे, पिठाच्या गिरणीत म्हणायचे, एकदा मयतीलाही म्हणाले आणि तिरडीवाले खरंच पुढं सरकले.

त्यांच्या रागाची एक पद्धत होती. बाकीचे लोक चिडले की आवाज चढवतात. तात्यांचा आवाज खाली जायचा, इतका खाली की समोरच्याला कान पुढं करावा लागे, आणि तो पुढं आला की तात्या त्यात चार शब्द सोडायचे. कानांच्या पाळ्या तेवढ्या लाल व्हायच्या.

सगळ्यात जास्त राग रुमालावर. गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी, एकदा तर तान्हं लेकरूही आत टाकून लोक जागा धरतात ना, त्यावर. लेकरू सोडून बाकी सगळं तात्या बाहेर भिरकावून द्यायचे. वडवणीच्या बाजाराच्या दिवशी कुणा वजनदार माणसाचं जरीचं उपरणं त्यांनी असंच खिडकीतून चिखलात टाकलं. मालक धावत चढला.

"मी कोण हाय ठाव हाय का?"

"हाय की," तात्या खालच्या आवाजात म्हणाले. "तुमी उतारू हाव. उभं राहून येणार हाव."

टकटक. गाडी सुटली आणि तो माणूस बीडपर्यंत दांड्याला लोंबकळत गेला. ह्या गोष्टीवर सगळा तालुका हसला. तात्या तेवढे म्हणायचे, "हसण्यासारखं काय झालं? जो आदी चढला त्येची जागा. एवढं सादं कळंना का लोकायला?"

हा एवढा चिडका माणूस वर्षातून एकदा अख्ख्या गावाला पोट धरून हसवायचा. त्यांनी स्वतः लिहिलेलं नाटक होतं, 'पिशाच्चांची सोयरीक'. गावच्या भैरोबाची जत्रा चैत्रात असते, ऊसतोडीला गेलेली माणसं कारखान्यांवरून परतली की. निम्मे नट त्यांच्यातलेच, त्यामुळे तालमीला दिवस कमी आणि तात्यांचा पारा जास्त. कोयत्यानं घट्टे पडलेल्या पोरांना ते पिशाच्चाची चाल शिकवायचे. "अंक्या, पिशाच हायस तू बे, डोक्यावर मोळी न्हाई. मान वर काढ."

नाटकाची गोष्ट साधी. रक्त पिणाऱ्या पिशाच्चांचं एक जुनं खानदान, आजा, बाप आणि नातू. नातवाचं लग्न जमेना म्हणून तिघं मुलगी बघायला निघतात. तिकडचे लोक विचारतात, खानदान काय? आजा अभिमानानं सांगतो, पिढ्यान्‌पिढ्या गावाच्या रक्तात आहोत. मग पानं वाढतात आणि पानात येतो लसणाचा ठेचा. पिशाच्चाला लसूण चालत नाही, हे तात्यांनी टीव्हीवरच्या कुठल्याशा पिक्चरमध्ये पाहिलेलं. नको म्हणावं तर सोयरीक मोडते, खावं तर जीव जातो. नातू झालेला अंकुश खरोखरचा ठेचा खायचा, कारण तात्यांना खोटं काही चालायचं नाही. त्याच्या डोळ्यांतून धारा लागायच्या आणि बाया पदरात तोंड घालून हसायच्या. शेवटी आज्या पिशाच्चाला नवरीच्या आजीत आपली तीनशे वर्षांपूर्वी हरवलेली प्रीत सापडते. आजी व्हायचा रामकिसन टेलर, नऊवारीत. आजा विचारायचा, "वळखलंस का?" रामकिसन पदर दाताखाली धरून लाजायचा. "दातावरून वळखलं की." लोक मांडव डोक्यावर घ्यायचे.

संध्याकाळी विजेचा भरवसा नसायचा, म्हणून नाटक दुपारी चारला. एका शहाण्यानं विचारलं, "कावून ओ तात्या, पिशाच उन्हात कसं काय?"

"बीड जिल्ह्यातलं पिशाच हाय त्ये. उन्हाला भ्यालं तर खाईल काय?"

तेव्हापासून आज्या पिशाच्चाच्या, म्हणजे तात्यांच्या, डोक्याला गमछा आणि डोळ्यांवर काळा गॉगल आला. असा तो स्टेजच्या कडेला यायचा, नाक वर करून मांडवाचा वास घ्यायचा आणि म्हणायचा, "आलोय खरा लांबून. पण ह्यांच्यात रगत उरलंय कुठं? आमच्या आदीच कुणी तरी पिऊन गेलंय." हे म्हणताना गॉगल पुढच्या सोफ्यांकडे वळलेला. सोफ्यांवर दादासाहेब आणि त्यांची माणसं असायची आणि सगळ्यांत मोठ्यानं तीच हसायची. आपल्याला बोललेलं आपल्याला कळू नये, इतकं सुख मला अजून कुठं पाहायला मिळालेलं नाही.

सुळ्यांचं सांगायचं राहिलं. बाजारात प्लास्टिकचे मिळायचे, पण ते घालून बोललं की तोंडात भाताचा गोळा असल्यासारखं ऐकू येतं. मग मी ओल्या खोबऱ्याचे कोरायला लागलो. चांगले चकचकीत दिसायचे. अडचण एकच, अंकुश दुसऱ्या अंकापर्यंत स्वतःचे खाऊन टाकायचा आणि ठेच्याच्या वेळी बाप पिशाच्चाच्या तोंडातले उसने मागायचा. तात्यांनी मात्र खोबऱ्याचा कणही कधी गिळला नाही. नाटक संपलं की दात काढून शेळीपुढं टाकायचे आणि खळखळून चूळ भरायचे. मला वाटायचं, काही पथ्य असेल.

ते खोबरं यायचं मानाच्या नारळांचं. नाटकाआधी देवळासमोरच्या दगडावर हे नारळ फुटतात. माईकवरून एकेका घराच्या मूळ पुरुषाचं नाव पुकारतात, अमक्याबाबाच्या नावाचा नारळ, आणि त्या घरातला कर्ता पुढं होऊन तो फोडतो. ज्या आज्याचं नाव पुकारलं ते घर गावाचं. ज्याचं पुकारत नाहीत ते नुसतं गावात राहतं. हा फरक मला, बाहेरच्याला, फार उशिरा कळला. तात्यांना तो लहानपणापासून माहीत होता.

एका वर्षी मी त्यांच्या तोंडाला रंग लावत होतो आणि बाहेर नावं पुकारली जात होती. सहज विचारलं, "तात्या, तुमच्या घरचा कधी?"

कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आवाज खाली गेला.

"मास्तर, नाटक खोटं वाटलं व्हय तुमाला?"

मग त्यांनी सांगितलं. त्यांचे आजे, सटवाजीबाबा, जळवा लावायचे. ओल्या मातीच्या मडक्यात जळवा पाळलेल्या असायच्या. कुणाचा पाय सुजला, गळू झालं, जखम नासली की बाबांना बोलावणं यायचं. ते दुखऱ्या जागी जळू लावायचे, ती नासकं रक्त ओढून टम्म फुगायची, मग हळदीची चिमूट टाकून तिला सोडवायचे. गाव बरं व्हायचं. पण बाबांना कुणी उंबऱ्याच्या आत घेत नसे. हे सगळं चालायचं गोठ्यात. जाताना पायलीभर जोंधळे जमिनीवर ओतायचे आणि बाबांनी ते गोळा करून न्यायचे.

आणि गावाची एक ठाम समजूत होती. जळूनं ओढलेलं रक्त जळवाल्याच्या घरी जातं, त्याच्या मडक्यात साठतं. म्हणजे अख्ख्या गावाचं रक्त ह्या एका घराच्या ताब्यात. ह्यांच्याशी भांडलं की मडक्यात काही तरी हलवतात आणि इकडे माणूस पांढरा पडतो. म्हणून त्या घराशी कुणी भांडत नसे, आणि सोयरीकही करत नसे. रगतपिते म्हणायचे त्यांना, तोंडावर. ज्यानं पायातला पू काढला त्यालाच म्हणायचे. मी ऐकत होतो आणि माझ्या हातातला ब्रश मोडला.

"म्हणून म्हणलं, घ्या," तात्या म्हणाले. "रगतपिते म्हणताव ना? घ्या, दात लावून, झगा घालून येतो. हसा."

जळवांचं दुकान बाबांबरोबरच संपलं. वडील मजुरी करत राहिले. तात्या मॅट्रिक होऊन खाकी घालून गाडीवर लागले आणि त्यांना वाटलं, सुटलो. बीडच्या कॉलेजला जायला रोज सकाळी फाट्यावर एक मुलगी चढायची. कौसल्या, दादासाहेबांची सख्खी आत्या. गावातून कॉलेजला जाणारी तेव्हा ती एकटीच. ती तिकीट घेताना आभार मानायची, आणि तात्या म्हणायचे, कंडक्टरला आभाराचं बोलणारं माणूस मी त्याआधी बघितलंच नव्हतं.

"मग तिला तरी जागा धरली का कधी?" मी विचारलं.

"न्हाई. बीडपतूर उभी येयाची."

"कावून?"

"जागा धरली असती तर लोकायला कळलं असतं."

एक दिवस उतरताना तात्यांनी तिला विचारलं, घरी येऊ का विचारायला? ती म्हणाली, या. तात्या वडिलांना घेऊन गेले, इस्त्रीची खाकी घालून. त्यांना बसवलं गोठ्यात. तिथंच, जिथं कौसल्याच्या वडिलांच्या सडत चाललेल्या पायाला सटवाजीबाबांनी महिनाभर जळवा लावल्या होत्या. तो वाचलेला पाय पुढं पसरून ते बाजेवर बसले आणि म्हणाले, "आमचं रगत तुमच्या घरात आदीच लई गेलंय. आता पोरगी कशी धाडू?" आजूबाजूचे हसले. कौसल्या मधल्या दारात उभी होती. तात्यांनी तिच्याकडे बघून म्हटलं, "तुमी बोला की." ती बोलली नाही. महिन्याभरात तिला लांब, लातूरच्या पलीकडे देऊन टाकली. तात्यांनी मग लग्न केलंच नाही.

हे सांगून त्यांनी पंच टकटक वाजवला आणि स्टेजवर जाऊन अख्ख्या गावाला हसवून आले. मला त्या दिवशी हसू आलं नाही, आणि पुढच्याही कुठल्या वर्षी नाही.

मागणं तेवढंच होतं त्यांचं. सटवाजीबाबांच्या नावाचा एक नारळ. दरवर्षी जत्रा कमिटीकडे जायचे. आधी उत्तर मिळायचं, पुढच्या साली बघू. मग मिळायला लागलं, तात्या, तुमचं नाटक हाच केवढा मोठा मान हाय की. म्हणजे ज्या शिवीचं त्यांनी नाटक केलं, ते नाटकच त्यांच्या तोंडावर मारायचं. रिटायर होऊन जमाना झाला, तात्या थकले, मोतीबिंदू झाला, पण कमिटीच्या पायऱ्या चढणं सोडलं नाही. अशी चिकाटी लोकांना हट्ट वाटते. मला विचाराल तर गावात एवढा एकच माणूस शुद्धीवर होता.

मग गेल्या वर्षीची जत्रा आली. दादासाहेब स्वतः तात्यांच्या दारात आले. "तात्या, औंदा तुमचं काम करून टाकू," म्हणाले. मी तिथंच होतो, नाटकाच्या झग्याला ठिगळ लावत.  दुसऱ्याच दिवशी बीडला जाऊन तात्यांनी नारळ आणला. दुकानातले सगळे नारळ कानाशी हलवून बघितले म्हणे, दुकानदार वैतागला.

जत्रेच्या दुपारी रंगपटात ते तोच नारळ मांडीवर घेऊन बसले. झग्याच्या आत धुतलेलं धोतर. मी रंग लावला, गमछा बांधला, दात बसवले. बाहेर नावं चाललेली, एकेक नारळ फुटत होता. तात्या प्रत्येक नावाला मान हलवत होते. नावं संपत आली तसे ते उठून पडद्यापाशी जाऊन उभे राहिले.

दादासाहेबांनी माईक हातात घेतला. "आन आता मंडळी, आपल्या समद्यांच्या लाडक्या पिशाच खानदानाचा मानाचा नारळ! या, थोरले पिशाच, या!"

मांडव फुटला हसून. शिट्ट्या, टाळ्या, पोरांनी टोप्या उडवल्या. दादासाहेबांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं हो! त्यांना खरोखर वाटत होतं की आपण म्हाताऱ्याचं मन राखलं, वर लोकांनाही मजा आली. वाईट माणसावर चिडता तरी येतं. हे असलं काही झालं की चिडायला कुठून सुरुवात करावी तेच कळत नाही. मी तरी त्या दिवशी सगळ्यांवरच चिडलो, टाळ्या वाजवणाऱ्या माझ्या शाळेतल्या पोरांपासून ते भैरोबापर्यंत.

तात्यांनी नारळ खुर्चीखाली ठेवला. गॉगल लावला. मला म्हणाले, "पडदा सारा."

ते स्टेजच्या कडेला आले. नाक वर केलं, वास घेतला. लोक वाक्याची वाट बघत आधीच हसायला लागले. ते वाक्य आलंच नाही. तात्या पायऱ्या उतरून खाली सोफ्यांपाशी गेले आणि पहिल्या माणसासमोर वाकले.

"तुमच्या चुलत्याच्या मांडीला गळू झालतं. जळू कुणी लावली?"

तो हसला. मागचेही हसले. तात्या दुसऱ्याकडे सरकले. "तुमच्या आईचं थान सुजलतं तुमच्या वेळंला. तुमी जगलाव ते कुणामुळं?" तिसऱ्याकडे. "तुमच्या आज्याला साप चावलता. गोठ्यात रातभर कोण बसलं?" एकेकाचं हसू जाग्यावर थांबत गेलं. गॉगल, गमछा आणि ते पांढरे सुळे, आणि आवाज इतका खाली गेलेला की माणसं ऐकायला वाकत होती. दादासाहेबांपुढं येऊन ते थांबले.

"आन तुमच्या आज्याचा पाय. बोला. कुणी वाचवला?"

दादासाहेब माईककडे बघत होते. 

"माझ्या बापाचा पाय सटवाजीबाबानं वाचवला," शेजारच्या खुर्चीतून आवाज आला. "उजवा पाय. मी कंदील धरलता."

पांढऱ्या केसांची, काठीवर दोन्ही हात ठेवून बसलेली बाई. कौसाबाई. नवरा वारल्यावर कित्येक वर्षांनी माहेरच्या जत्रेला आलेल्या. भाच्यानं हौसेनं पुढं बसवलेल्या. तात्यांनी त्यांना तोवर पाहिलं नव्हतं. गॉगल आणि मोतीबिंदू, दिसणार काय?

आता इथं दुसऱ्या कुणी लिहिलेलं नाटक असतं तर म्हाताऱ्याचे डोळे भरून आले असते. तात्यांनी गॉगल काढला. कानांच्या पाळ्या रंगातूनसुद्धा लाल दिसत होत्या.

"आता बोलताव व्हय?"

"तवा मला कुणी इचारलं न्हाई."

"मी इचारलतं," तात्या म्हणाले.

कौसाबाईंनी मान खाली घातली. सबब सांगत बसल्या नाहीत, हे मला त्यांचं आवडलं. दादासाहेब चटकन उठले. "तात्या, चुकलं आमचं. नारळ आणा रे, आताच फोडू, नाव घेऊन फोडू."

"तुमच्या हातानं नगं," तात्या म्हणाले. खिशातून पंच काढून टकटक वाजवला. "पुढं सरका." आणि वर जाऊन त्यांनी नाटक सुरू केलं.

सगळं नाटक केलं, शेवटच्या प्रसंगापर्यंत एक शब्द न गाळता. ठेच्याच्या प्रसंगाला अंकुशच्या डोळ्यांतून धारा लागल्या आणि त्या दिवशी कुणी हसलं नाही. शेवटी रामकिसन टेलर नऊवारीत येऊन पदर दाताखाली धरून उभा राहिला. तात्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "वळखलंस का?" हे एवढं एक वाक्य त्यांनी म्हटलं नाही. मी पडदा पाडला.

मी रंगपट आवरत होतो तेव्हा काठी टेकत कौसाबाई आल्या. "त्यांचा नारळ कुठं हाय?" एवढंच विचारलं. खुर्चीखालून काढून मी तो त्यांच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाट्यावर होतो. माझी अंबाजोगाईला बदली झाली होती, बीडला गाडी बदलून हजर व्हायला निघालो होतो. कौसाबाई सिमेंटच्या बाकावर पिशवी घेऊन बसलेल्या. भाच्याची गाडी घेऊन ड्रायव्हर पलीकडे उभा होता, त्या म्हणाल्या, एसटीनं जाते. तेवढ्यात तात्या आले. तोंडावरचा रंग नीट निघाला नव्हता, कानामागे पांढरं राहिलेलं. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले आणि रस्त्याकडे बघत राहिले. 

बीडची गाडी आली ती जत्रेच्या गर्दीनं ठासून. तिच्यामागे शंभर माणसं धावली, दादासाहेबांकडची, कमिटीतली, काल सोफ्यावर बसलेली. आणि तात्या उठले. ह्या वयात, त्या गुडघ्यांनी, गाडी थांबायच्या आत ते खिडकीपाशी पोचले, डोक्याचा गमछा सोडला आणि आत, सीटवर फेकला.

"ये! जागा धरलीय!" जन्मात पहिल्यांदा मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला. "कुणी बसायचं न्हाई तिथं! कौसल्याबाईची जागा हाय ती!"

सगळा फाटा बघत होता. एक जण कुजबुजला, तात्या आन रुमाल? तात्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुढं सरकला.

कौसाबाई चढल्या, त्या खिडकीत बसल्या. गमछा घडी करून बाहेर दिला आणि त्याच्याबरोबर पिशवीतून नारळाची एक वाटी.

"सटवाजीबाबाच्या नावाचा. सकाळी फोडला, आमच्या गोठ्याच्या उंबऱ्यावर. मोठ्यानं नाव घेतलं. घरातल्या समद्यायनी ऐकलं."

तात्यांनी वाटी हातात फिरवून पाहिली. नाकाशी नेली. मग उरलेल्या दातांनी कडेचा एक तुकडा तोडला आणि चावत राहिले, बराच वेळ.

"खवट हाय," ते म्हणाले.

"आसंल," कौसाबाई म्हणाल्या. "उशीर झाला."

तात्यांनी खिशात हात घातला, पण पंच काढला नाही. गाडीच्या पत्र्यावर तळहातानं दोनदा थापटलं. गाडी हलली. मीही चढून मागच्या दारात लटकलेला होतो. वळणापर्यंत मला ते दिसत होते. रस्त्याच्या मधोमध उभे, कानामागे पांढरा रंग, मागच्या गाड्या हॉर्न वाजवतायत, त्यांना पुढं जायला जागा न देता, खोबरं खात.